दुपारचा ललत

अकोल्याच्या आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांना, या पृथ्वीवरच्या कुठल्याही गोष्टीची वेळ पाळता आलेली नाही. अपवाद फक्त रागांचा. स्वतःच्या लग्नाला ते मुहूर्त टळल्यावर पोचले, कारण वाटेतल्या चहाच्या टपरीवर रेडिओवर राग पूर्वी लागला होता आणि संध्याकाळचा राग अर्ध्यावर सोडणं त्यांच्या मते पाप. आगगाडी त्यांना आयुष्यभर पाठमोरीच दिसली. पण सकाळी दूधवाल्याच्या मोबाइलवर रात्रीच्या यमनातलं गाणं वाजलं, तर त्यांनी दूधच परत पाठवलं. "नासलं असंल ते," म्हणाले.

माझी आणि त्यांची पहिली चकमक मी नवी नवरी असताना झाली. दोन वेण्या आणि दीड राग एवढ्या भांडवलावर मी तेव्हा स्वतःला गायिका समजत असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ऐन दिवेलागणीला, कोणी आग्रह करायच्या आतच मी डोळे मिटून पहाटेचा भटियार सुरू केला. ओसरीवरून आवाज आला, "वयनी, कोंबडा आरवला का वो?" बायका तिळगुळासकट हसल्या. त्या मुक्कामात मी भाऊजींच्या पानात मीठ वाढलं नाही. त्यांना ते कळलंही नाही, हे माझं खरं दुःख.

भाऊजींचं दैवत म्हणजे एक थोर बंदिशकार बुवा, चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात जन्मलेले. त्यांची ललतातली एक बंदिश भाऊजींनी तरुणपणी शिकून घेतली आणि पण केला, की ही गायची तर बुवांच्या जन्मगावी, त्यांच्या घरात, आणि तीही उजाडायच्या आत. उजाडायच्या आत भाऊजी कधी उठलेच नाहीत, त्यामुळे पण अबाधित राहिला. ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, उभा संसार त्या बंदिशीची थोरवी ऐकण्यात काढला. बंदिश तेवढी ऐकली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताईंचा उजवा कान पार गेला, आणि डाव्याचीही डॉक्टरांनी हमी दिली नाही. दवाखान्यातून आल्या त्या चप्पल न काढताच म्हणाल्या, "हा कान हाय तवरीक मले ते गानं ऐकाचं हाय. मंग भितीले ऐकवत बसा."

म्हणून ही सहल. दोघं आदल्या दिवशी अमरावतीला आमच्याकडे आले. माझा मुलगा गाडी चालवणार, पहाटे निघायचं. ठरल्या वेळी आम्ही तिघं गाडीत बसलो, भाऊजी आंघोळीला बसले. मग चहा झाला. पोहऱ्याच्या जंगलात शिरल्यावर त्यांनी तोंड चाचपलं. कवळी आमच्या मोरीवर राहिली होती.

"फिरव गाडी. दात नसले तं षड्ज गळते."

कवळी तोंडात बसेपर्यंत लख्ख ऊन पडलं. "आता उजाडलंच हाय," भाऊजी शांतपणे म्हणाले, "तं गिलावडा खाऊनच जाऊ."

बुवांच्या गावात बुवा कोणालाच माहीत नव्हते. भाऊजींना मात्र गाव पाठ, एकदाही न येता. "हे बुवाची शाळा!"

"मामाजी," माझा मुलगा त्यांना म्हणाला, "हे शाळा तं वयानं माह्यापेक्षा लहान दिसून राहिली."

विहीर दिसली. तिच्या रहाटाच्या कुरकुरीतून बुवांना तान सुचली होती. विहिरीवर मोटर होती. एक बकरी ओरडली. "ऐका, कोमल ऋषभ!" बकरीने लगेच भलताच सूर लावला, तेव्हा ती बाहेरगावची असावी असं ठरलं.

बुवांच्या घरात आता गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान आहे. मालकीणबाई गहू निवडत होत्या.

"बुवाचं घर हेच ना?"

"असंल बावा. आमच्या आंदी इथं म्हशी होत्या."

पाणी पिऊन झाल्यावर भाऊजींनी घड्याळ पाहिलं. भर दुपार. "ललत नाई जमत आता. पुढच्या वर्षी येऊ. कवळी तोंडातच ठेवून झोपतो."

ताई ढेपेच्या पोत्यावर बसल्या. "पुढच्या वर्षी कोनता कान आनू?"

मी हसले. हसणारी मी एकटीच होते.

भाऊजींनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग मालकीणबाईंना म्हणाले, "बाई, शटर जरा खाली घेता का?"

शटर खाली आलं. दुकानात अंधार झाला आणि शटरखालच्या फटीतून पहाटेसारखी उजेडाची एक रेघ आत आली. भाऊजी ताईंच्या शेजारच्या पोत्यावर बसले, त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि गायले. इतकं हळू, की एवढ्या लांब येऊन आमच्या वाट्याला ढेपेचा वास तेवढा आला. माझे दीड राग पणाला लावूनही मला एकच सूर सापडला. ताईंचा हात मात्र पोत्यावर ताल धरून होता.

"इतकं चांगलं होतं," ताई अंधारात मोठ्याने म्हणाल्या, "तं आंदी काहून नाई गायले?"

भाऊजींनी कवळी सारखी केली.

आता अकोल्याला गेलं, की भाऊजी कुठल्याही प्रहरी खोलीचे पडदे ओढतात आणि ताईंच्या कानाशी बसतात. किती वाजले ते सांगायचं नाही, एवढं मलाही समजतं. परवा मी गेले होते, तर ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या मते हळूच. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल.

"वयनी, आता काईच येत नाई वो ऐकू. त्यायले सांगजो नको."

आतल्या खोलीत पडद्याच्या कड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला. मग उरलेला पडदाही सावकाश ओढला गेला, आणि भाऊजींनी ताईंना हाक मारली नाही. दारात येऊन हात पुढे केला.