आत्याचा किल्ला

जपानी लढायांची कार्टून बघून पदराने डोळे पुसणारी बाई अख्ख्या बाभुळगावात एकच होती, आणि ती माझी आत्या होती. तीस वर्षं खेड्यापाड्यांत नर्सबाई म्हणून बाळंतपणं करून ती निवृत्त झाली. मग तिच्या एका भाच्याने मोबाइलवर हे लावून दिलं आणि ती त्यातच शिरली. याला अ‍ॅनिमे म्हणतात, हे त्याने चारदा सांगूनही ती त्याला 'ते जपानचं'च म्हणायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि खालची इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचायची. वाचून होईपर्यंत पडद्यावरचा एखादा सरदार मरून जायचा, म्हणून ती दर वाक्याला थांबवायची. वीस मिनिटांचा भाग तिला दीड तास पुरे. नावं जिभेवर बसत नसल्याने तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं. एक लुच्चा सेनापती तर हुबेहूब आमच्या जुन्या तलाठ्यासारखा दिसतो म्हणून 'तलाठी'च झाला होता.

माझा थोरला भाऊ, दादा, तिची फार टिंगल करायचा. त्या गोष्टींत कोल्ह्याचा माणूस होई, मेलेले शिपाई धुक्यातून परत येऊन पहारा देत. दादा म्हणायचा, हे तुला खरं कसं वाटतं? त्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "आपल्या सिनेमात लढाई सुरू झाली का कोणाले भूक लागत नाही. याइच्यात सैन्याचं मीठ सरते, घोड्याले खोकला होते. म्हणून खरं वाटते." वर बुद्धाला मानणाऱ्या देशातलं आहे, आपण बौद्धांनी नाही बघायचं तर कोणी बघायचं, असंही ती ऐकवायची.

त्या वर्षी बोंडअळीने सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि जो तो फवारे मारत सुटला होता. दादाने आमच्या तीन एकरांत सलग दोन दिवस फवारणी केली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो म्हणाला, मला दिसत नाही. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा वॉर्डात तसलेच पेशंट ओळीने पडलेले. दोन दिवस धोक्याचे आहेत, डॉक्टर म्हणाले. दादा भ्रमात ओरडत होता, सलाइन उपटून उठायला बघत होता. शेवटी त्याचे हात खाटेला बांधले. मला तिथे उभं राहवेना.

आत्याने स्टूल ओढलं. लस टोचायला पोरं गोळा करताना लावायची तोच आवाज लावला. "ऐक. किल्ल्यात तीनशे माणसं राह्यली होती. पाणी चार दिवसाचं. बाहेर तलाठ्याची फौज."

दादा ओरडतच राहिला. तीही थांबली नाही. दोर किती उरले, भिंत कुठे खचली, दाराशी उभ्या असलेल्या सेनापतीणबाईला ताप कसा होता, सगळं सांगत गेली. बऱ्याच वेळाने दादा पुटपुटला, "मंग?"

ती गप्प झाली की तो पुन्हा दोऱ्या ओढायचा. म्हणून तिने चहाही बोलता बोलताच घेतला. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या बायका भोवती येऊन बसल्या. शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडचा एक कोलाम आदिवासी माणूस होता. त्याची बायको खाली बसून तिच्या बोलीत त्याला गोष्ट समजावत होती. तोही ऐकत होता, डोळे मिटून.

तिसऱ्या दिवशी दादाला माणसांच्या सावल्या दिसू लागल्या. त्याच दुपारी त्या शेजाऱ्याचा श्वास बिघडला. नागपूरला हलवायचं ठरलं. स्ट्रेचर आमच्यापाशी आलं तेव्हा त्याने हात किंचित उचलला आणि विचारलं, "बाई, किल्ला राह्यला का?"

"राह्यला," आत्या म्हणाली. "सकाळी मदत आली."

त्याने मान हलवली. स्ट्रेचर दाराबाहेर गेलं.

दादा बरा झाला. डाव्या डोळ्याला थोडं धूसर राहिलं तेवढंच. घरी आल्यावर तो आपण होऊन आत्याजवळ बसला आणि म्हणाला, ती किल्ल्याची लढाई लाव. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पाहिली. मदत आलीच नाही. किल्ला जळाला, सेनापतीणबाई दारातच पडली. दादाने आत्याकडे पाहिलं.

"त्याले दुसरं काय सांगत होती मी?" एवढंच ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

पुढे ती दोनदा एसटीने झरी जामणीला जाऊन आली. पण नाव विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं, आणि नावाशिवाय त्या रानातल्या गावांत ती कोणाला शोधणार? चहाच्या टपरीवर विचारपूस करून ती संध्याकाळी परत यायची, पायातल्या चपला काढून बराच वेळ ओसरीत बसायची.

आता ती थकली आहे, फारसं दिसत नाही. भाजी निवडता निवडता मध्येच हात थांबवते आणि म्हणते, "घरी गेला असन तो, नाही?"

आम्ही सगळे लगेच हो म्हणतो. दादा सगळ्यात आधी.