एका मशीनवरची मॅच

मॅच लावण्याआधी इक्बालभाई दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं एकेक काम बंद करत. इंटरनेट, व्हायरस शोधणारा प्रोग्राम, शेवटी स्क्रीनसेव्हरसुद्धा. मग म्हणत, "आता ह्या मशीनचं डोकं फक्त दोघांचं हाय."

दोघं म्हणजे बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्राम. आम्ही त्यांना इंजिन म्हणायचो. एक इक्बालभाईंनी नांदेडच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात लिहिलेलं. दुसरं मी लातूरला, कचेरीतून आल्यावर, सहा वर्षं खपून. सरस कोणतं, एवढंच ठरवायचं होतं. शंभर डाव, पन्नास पांढऱ्या मोहऱ्यांनी, पन्नास काळ्या; बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा गुण. डावाला तास, म्हणजे चार दिवस चार तास.

पहिली मॅच मी जिंकली, ६१–३९. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "भाऊ, हे मी धरत न्हाई."

"का बरं?"

"माझं इंजिन दुसऱ्या कुणासंगं खेळलं की चौदा चाली पुढचं बघतं. तुमच्यासंगं बाराच. तुम्हाला बघून ह्याची अक्कल पळती का?"

हरलेला माणूस खोट काढणारच, असं म्हणत मी चिडून एसटीने नांदेड गाठलं. त्यांनी चहा दिला आणि स्क्रीन दाखवला. पाळी त्यांच्या इंजिनाची होती, तरी मशीनची अर्धी ताकद माझंच खात होतं. चूक माझी होती. समोरच्याची चाल येईपर्यंत स्वस्थ बसण्याऐवजी ते अखंड विचारत होतं, आली का, आली का.

"शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊन पैलवान झालंय तुमचं," इक्बालभाई म्हणाले.

मी चार ओळी बदलल्या. दुसरी मॅच ते जिंकले, ५७–४३. सहा वर्षांच्या मेहनतीचा हा आकडा मी गिळला. तर पुन्हा फोन.

"मंगळवारी गिऱ्हाईकाचे लग्नाचे फोटो ह्याच मशीनवर कॉपी करून राहिलो होतो. पाऊण तास. ध्यानातच आलं न्हाई. तुमचं इंजिन विचार करत होतं तवा."

"मग तेवढा एक डाव काढा."

"कंचा डाव काढायचा ते निकाल बघून ठरवायचं का? सगळे काढा."

"अहो, तुम्ही जिंकलात. मी कबूल करतोय."

"तुमच्या कबुलीला काय करू? मशीननं कबूल कराय पायजे."

मी फोन आपटला. पुढे वीज गेली म्हणून त्यांनी दोन मॅच रद्द केल्या, एक तर शहाण्णवाव्या डावाला. मी म्हटलं, इक्बालभाई, आपण दोघं संपू, ही मॅच संपणार नाही. ते म्हणाले, "घाई तुम्हाला हाय. इंजिनला न्हाई."

पाचवी मॅच लावून ते घरी गेले आणि त्याच संध्याकाळी छातीत कळ येऊन वारले. दफनाला मी गेलो होतो. मॅचचा विषय कोण काढणार?

आठवड्याने भाभींचा फोन आला. दुकान त्यांनी त्या दिवशीच पहिल्यांदा उघडलं होतं. "भाईसाब, मशीन चालूच हाय. बंद करू का?"

"त्यावर काय दिसतंय?"

"शंभर डाव झाले म्हणतंय. साडेबावन्न, साडेसत्तेचाळीस."

इतके दिवस शटर बंद होतं, मशीनला कुणी हात लावला नव्हता, वीजही गेली नव्हती. मी विचारलं, "साडेबावन्नसमोर कुणाचं नाव आहे?"

"तुमचं."

पाचचा फरक. एवढ्याला इक्बालभाई निकाल म्हणाले नसते, आणखी पाचशे डाव लावा म्हणाले असते, आणि मी भांडलो असतो. भाभी फोनवर थांबल्या होत्या. बंद करा, म्हटलं.