पद्मिनीकाकूंचा रविवारचा उपास

डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात पद्मिनीकाकू कोणाच्या घरी पहिल्यांदा जायच्या त्या पाहुण्या म्हणून नव्हे, झडती घ्यायला. चपला काढता काढता शू-रॅकवरची धूळ बघायच्या, पाणी पिण्याच्या निमित्ताने सिंक, हात धुवायच्या निमित्ताने बाथरूम. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत चार घरी फोन जायचे. कोणाच्या आमटीत गूळ नव्हता, कोणाच्या देवांवर कालचीच फुलं होती, कोणाची सून पायजम्यावर दार उघडायला आली. घर विकत घेताना इथे इन्स्पेक्टर बोलावतात ना, त्याची फी वाचवायची असेल तर आमच्या काकूंना बोलवा, असं पोरं त्यांच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

प्रतापकाका २००२ साली गेले. त्यानंतर काकूंना या मुलखात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं, त्यांचा मिहीर. एकतीस वर्षांचा, डॅलसला एका बँकेत प्रोग्रामर. वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहायचा, पण रविवार आईचा. त्याच्यासाठी काकूंनी चार वर्षं स्थळं पाहिली आणि चार वर्षं मोडली. चैत्राली फार बोलायची, ऋता अजिबात बोलायची नाही, अबोलीच्या आईने चहा बशीशिवाय दिला. मिहीर हसून सोडून द्यायचा, कारण त्याचं मन त्यात नव्हतंच. ते थिरी नावाच्या एका नर्समध्ये होतं, आणि थिरी होती ब्रह्मदेशची.

ब्रह्मदेशाबद्दल काकूंना दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पूर्वी तिथून सागवान यायचं, आणि तिथले लोक मासे कुजवून खातात. यापेक्षा जास्त माहितीची त्यांना गरजही वाटली नाही. थिरीची आई एका ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर सुशी वळते हे कळलं, तेव्हा तर त्यांनी कपाळालाच हात लावला. अगं बाई, मासे कापणारीची मुलगी माझ्या देवघरात दिवा लावणार! ती बाई रंगूनला शाळेत गणित शिकवायची, अठ्ठ्याऐंशी साली तिकडे गोळीबार झाला तेव्हा नवरा गेल्यावर एकटीच पोर घेऊन निघाली, हे मिहीरने सांगितलं. काकूंनी ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं.

मिहीर भांडला नाही. तो म्हणाला, तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही, शब्द देतो. फक्त एकदा त्यांच्या घरी ये, बस, बोल, आणि मग सांग. काकूंना काय, हेच हवं होतं. जायचं आणि एक घाव दोन तुकडे करून यायचं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दोघं निघाली. गाडीत मिहीरने एक गोष्ट नीट समजावली. त्यांच्यात बोलणी ठरली की चहाची पानं खातात. उकळून पितात ती नव्हे, मुरवलेली, तेल लावलेली पानं. एका तबकातली पानं दोन्ही घरच्या मोठ्यांनी खाल्ली की ठरलं. पूर्वी भांडण मिटलं तरी हीच पानं खायचे. ती पुढे केली आणि घेतली नाहीत, तर नाही म्हटल्यासारखं. काकूंनी मान हलवली. हात लावायचा नाही, एवढंच ना?

अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, डॅलसच्या पार दुसऱ्या टोकाला. दार उघडलं थिरीच्या आईनेच. बाई ठेंगणी, कमरेला घोट्यापर्यंतची लुंगी, आणि दोन्ही गालांवर पिवळट लेप. तोंडाला पीठ फासून पाहुण्यांना सामोरं जायचं ही कुठली रीत, असं काकूंच्या मनात आलं. थिरीने हौसेने तो लेप कसा करतात ते दाखवलं, झाडाचं खोड दगडावर पाण्यात उगाळायचं. आपल्या घरी देवांसाठी चंदन सहाणेवर असंच उगाळतो हे काकूंना कळत होतं. पण ते कबूल केलं असतं तर त्या पद्मिनीकाकू कसल्या!

मग झडती सुरू झाली. चपला दाराबाहेर, रांगेत. सिंक कोरडं. बुद्धाचा कोनाडा सगळ्यांच्या डोक्यापेक्षा उंच, पाणी ताजं, फुलं ताजी. जितकं स्वच्छ दिसत गेलं तितक्या काकू चिडत गेल्या. शेवटी वास सापडला. स्वयंपाकघरातून मासळीचा बारीकसा वास येत होता, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. नाकाला पदर लावून त्या बसल्या. नारळाच्या दुधातल्या रश्श्याचा आणि शेवयांचा बेत काकूंसाठी म्हणून वेगळा, शाकाहारी केला होता. रश्श्याचा पहिला डाव वडीलधाऱ्यांना वाढायचा म्हणून थिरीच्या आईने तो काकूंच्या वाडग्याकडे नेला. काकूंनी वाडग्यावर हात धरला.

“आज माझा उपास आहे,” त्या म्हणाल्या.

मिहीरने आईकडे पाहिलं. सकाळी दोघांनी पोहे खाल्ले होते, काकूंनी तर दोनदा. थिरीच्या आईने डाव खाली ठेवला, दोन्ही हात जोडून माफी मागितली, आणि थिरीला हाताला धरून आत गेली. मिहीरलाही त्या दोघींनी आत बोलावलं. आत बराच वेळ कुजबुज चालली. काकू बाहेर एकट्या बसून भिंतीवरची चित्रं मोजत राहिल्या, आणि किती छान निभावलं म्हणून स्वतःवर खूश झाल्या. जेवणही टळलं, भांडणही नाही.

मग तबक आलं. लाखेचं, लालभडक, गोल, आत मधोमध एक कप्पा आणि भोवती पाच. मधल्या कप्प्यात हिरवी काळपट पानं. भोवतीच्या एकात शेंगदाणे. बाकीचे चार कप्पे रिकामे, धुऊन पुसून चकचकीत. थिरीच्या आईने उजव्या हाताने तबक पुढे केलं, डावा हात उजव्या कोपराला लावून, मान खाली घालून.

काकूंना नुसतं ‘नको’ म्हणून उठता आलं असतं. ठरवलंही तेच होतं. पण ते चार रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली. मुलाची आई पहिल्यांदा घरी येते आणि तिच्यापुढे रिकामं तबक? आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या मोलकरणीपुढेसुद्धा कोणी असं करणार नाही. फोनवर सांगायला केवढी गोष्ट मिळाली!

“आमच्यात पाहुण्यांपुढे रिकामं ताट ठेवत नाहीत,” त्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. “घरात द्यायला काही नसेल, तर बोलवू नये.”

थिरीचा चेहरा उतरला. तिने हळू आवाजात सांगितलं, की त्या कप्प्यांत तळलेला लसूण असतो, डाळी असतात, तीळ असतात, सुका जवळा असतो. तुमचा उपास म्हणून आईने सगळं काढून टाकलं. उपासाला काय चालतं ते मिहीरला विचारलं, तो शेंगदाणे म्हणाला, तेवढेच ठेवले. पानांतलं तेलसुद्धा आईने आत्ता निपटून नवीन घातलं, जुन्यात लसूण होता म्हणून.

आपलं चुकलं हे काकूंना कळलं. त्या क्षणी चार शेंगदाणे तोंडात टाकले असते, चुकलं माझं म्हणाल्या असत्या, तरी त्या बाईने सगळं पोटात घातलं असतं. तशी ती उभीही होती, तबक तसंच पुढे धरून. पण चुकलं म्हणायची सवय नव्हती. काकू ताठ बसल्या.

“उपास आहे,” त्या पुन्हा म्हणाल्या.

थिरीच्या आईने मान वळवली आणि मिहीरकडे पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे, पण गणिताची मास्तरीण होती ती, तोंडाकडे बघून खोटं उत्तर ओळखायचा सराव असणार. तिने त्याला सरळ विचारलं, “तुझ्या आईचा आज उपास आहे?”

मिहीरने त्या रिकाम्या कप्प्यांकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “सकाळी आम्ही पोहे खाल्ले.”

थिरीच्या आईने तबकावर झाकण ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. मिहीरला ती म्हणाली की तू चांगला मुलगा आहेस, पण मी माझी मुलगी या बाईच्या दारात पाठवणार नाही. मग तिने स्वतः दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. पाणउतारा करायला गेलेल्या पद्मिनीकाकूंना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी घराबाहेर काढलं, तेही एका सुशी वळणाऱ्या बाईने, आणि तेही आवाज न चढवता.

परतताना गाडीत काकूच बोलत होत्या. वास कसा होता, लेप कसा होता, मुलीचा आवाज कसा बसका, बाई कशी उर्मट. फ्रिस्को येईपर्यंत मिहीर ऐकत राहिला. घरासमोर ड्राइव्हवेत गाडी थांबली, पण त्याने इंजिन बंद केलं नाही.

“मी शब्द पाळणार, आई. थिरीशी लग्न करणार नाही, आता तिची आईही करू देणार नाही,” तो म्हणाला. “पण यापुढे कुठल्याच मुलीला मी तुझ्यासमोर आणून बसवणार नाही. मला आज तुझी लाज वाटली. आणि पहिल्यांदाच नाही.”

आत चल, खिचडी टाकते, एवढंच काकू म्हणाल्या. मिहीरने नको म्हटलं. त्या तशाच बसून राहिल्या, तेव्हा त्याने हात पुढे करून त्यांचा सीट-बेल्ट सोडवला, आणि त्या उतरेपर्यंत समोर रस्त्याकडे बघत राहिला.