तांब्याच्या घागरीतलं पाणी

फुलपाखरू मासा दिसायला सुंदर असतो, पण घरात पाळण्याजोगा नसतो. हे मला घेण्याआधी कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नवऱ्याला स्टील प्लांटने मेडिकल अनफिट ठरवून घरी पाठवलं, तेव्हापासून ते हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी हॉलमध्ये एकाच खुर्चीत बसून असायचे. टीव्ही नको, शेजारी नको, बोलणं नको. वर्षभरात त्यांनी एकच गोष्ट मागितली, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. मी करून दिली. मासा रायपूरहून आणला. येताना वाटेत कुम्हारीला बस अडकली तेव्हा पिशवीतलं पाणी तापू नये म्हणून मी ती पदराखाली धरून बसले होते.

दुकानदार म्हणाला होता, सगळं खातो. तो काहीच खात नव्हता. समुद्रात हा मासा दिवसभर खडकाच्या फटींत लांब तोंड घालून बारीक जीव टिपत फिरतो. वरून पडलेले दाणे त्याला अन्न वाटतच नाहीत. मी कोळंबी बारीक चिरली, लसणाच्या रसात भिजवली, दगडाच्या भोकांत दाबून भरली. तो यायचा, तोंड लावायचा, थुंकायचा. आठवड्याभरात त्याचं पोट आत गेलं.

"त्याले कावून छळून राहिली? नाई खात तं नाई खात," नवरा म्हणाला. पण खुर्ची त्यांनी टाकीजवळ ओढून घेतली होती.

मी दुकानदाराशी भांडले आणि त्याच्याकडून एक जिवंत खडक आणला. त्यावर तपकिरी फुलांसारखे बारीक प्राणी चिकटलेले होते. इतर लोक त्यांना तण समजून काढून टाकतात. आमच्या माशाने दुसऱ्याच सकाळी त्यातला एक ओढून खाल्ला. नवऱ्याने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा. त्यानंतर रोज सकाळी हाक यायची आणि हातातलं काम टाकून मी जायची.

मे लागला. टाकीतलं पाणी रोज बोटभर उडायला लागलं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं आणि स्वच्छ पाणीच घालायचं, एवढं मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ पाणी म्हणजे तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं. सासूबाईंच्या वेळेपासून आजारी माणसाला तेच देतात. दोन आठवडे मी रोज तेच ओतलं.

आधी खडकावरची ती फुलं मिटली, मग एकेक गळून पडली. तांबं माशाला थोडंफार सोसतं, त्या प्राण्यांना अजिबात नाही. हे दुकानदाराने फोनवर सांगितलं, पाणी कोणतं घातलं ते विचारून झाल्यावर. मी पाणी बदललं, पण तांबं दगडात आणि वाळूत मुरलं होतं. नवा खडक आणला तोही गेला. मी पुन्हा कोळंबी चिरायला लागले. मासा पुन्हा थुंकायला लागला. नवव्या दिवशी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला.

चूक माझी होती, ती मी नवऱ्याला सांगितली.

"मले बी तेच पाजून राहिली ना तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

घागर मी चिंचेने घासली आणि माळ्यावर टाकली. टाकीत आता नुसतं पाणी आहे, पंप चालूच आहे. खुर्ची तिथेच आहे. हाक पुन्हा आली नाही. येणारही नाही, असंच आता मी धरून चालते.