ताडपत्रीखालची नागली

बायको चैत्रात गेली. मृगाच्या आधी राबावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी टाकायचं होतं. पाला, फांद्या आणि शेण अंथरून जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, एवढं माझं काम. त्या राखेवर बी तीच टाकायची. लग्नापासून तेवीस वर्षं तिनेच टाकलं.

तिची नागली गरवी, उशिरा पिकणारी, माहेराहून आणलेली. पाड्यात ती दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. बाकीचे खोडाळ्याच्या बाजारातून बियाण्याची पुडी आणतात. डब्यात पावणेदोन शेर बी निघालं. आमच्या उतारावरच्या तुकड्याला दोन शेर लागतं. आधीच पाव शेर कमी, म्हणून मी सगळं टाकलं. ती दरवर्षी दोन मुठी मागे ठेवायची, हे मला माहीत होतं. त्या दिवशी डोक्यात फक्त दोन शेरांचा आकडा होता.

कोंबड्या उकरू नयेत म्हणून ती वर काटेरी फांद्या टाकायची. मी ताडपत्री टाकली, दुहेरी घडी करून, कडांना दगड लावून. वळवाच्या सरीने राख ओली होती. दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्यासाठी मोखाड्याला गेलो. अर्जात तिचं वय मीच चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त करायला जव्हारच्या दवाखान्यातला कागद लागला. रोज सकाळी जीपने जायचो, संध्याकाळी परत यायचो. परत आल्यावर ओट्यावर बसायचो. राब घरापासून चाळीस पावलांवर आहे. तिकडे गेलो नाही.

आठव्या दिवशी शेजारच्या वहिनीने, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने, हाक मारली. तिने ताडपत्रीचं एक टोक उचलून धरलं होतं.

"भावजी, नागली टाकली का शेवया?"

खाली सगळं पांढरं होतं. दोऱ्यासारखे दांडे, टोकाला पिवळट पान, तेही मिटलेलं. मी घरातून मुलीची जुनी पट्टी आणली. सहा सेंटिमीटर, साडेसहा, सात. उघड्यावर एवढ्या दिवसांत ते दोन-तीन असतं.

मुलगी नाशिकला शेतीची पदविका करते. तिला फोन केला.

"अंधारात रोपाला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत," ती म्हणाली. "म्हणून ते पान उघडत नाही. दांडाच लांबवत राहतं, उजेड सापडेपर्यंत. हे सगळं बियातल्या अन्नावर चालतं, बाबा. आणि नागलीचा दाणा तो केवढा."

"मग?"

"अन्न संपलं असेल तर आडवी होतील. एकदम ऊन दाखवू नका. थोडं बी मागे ठेवलंय ना?"

"नाही."

"आईच्या डब्यात बघा. ती ठेवते."

"डबा मी झटकून रिकामा केला."

ती म्हणाली, "म्हणजे आहे ते एवढंच."

एवढंच होतं. ही रोपं गेली असती तर तिची नागली संपली असती.

वहिनीने ऐनाच्या फांद्या आणल्या. ताडपत्री काढून आम्ही त्या सावलीसाठी दाट रोवल्या आणि रोज थोड्या काढत गेलो. मी वितीएवढा एक चौकोन आखला आणि त्यातली रोपं मोजली. चौसष्ट. दुसऱ्या दिवशी टोकं हिरवी व्हायला लागली, पण दांडे बारीकच राहिले आणि बरेच जमिनीलगत मोडले. चौथ्या दिवशी तेवीस उभी होती. मी वहीत लिहिलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

उरलेली जाड व्हायला वेळ लागला. दुसऱ्यांची लावणी उरकल्यावर नऊ दिवसांनी आमची रोपं काढली. आमच्याकडे उतारावर नागली उभी खोचत नाहीत. नांगरलेल्या चिखलात रोप आडवं ठेवायचं, मुळांवर थोडी माती ओढायची आणि पुढे सरकायचं. पुढचं त्याचं त्याने करायचं.

"आधीच मेल्यासारखी दिसतात," मी म्हणालो.

"आडवीच टाकायचीत ना? मग आता कशाला नाडी बघता?" वहिनी म्हणाली आणि पुढे गेली.

पहिल्या ओळीत पन्नास रोपं होती. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकतीस रोपांनी टोक वर केलं होतं. वाकून पाहिलं. दांडा सरळ उठत नाही, पेरापाशी वळतो. पेराची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि शेंडा वर ढकलला जातो. एका रोपाला बोटाने दाबून परत आडवं केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वळलेलं होतं. आकडा लिहिला, तारीख टाकली, घरी आलो.

तुकड्याचा अर्ध्याहून जास्त भाग रिकामाच राहिला. कणसं दिवाळीनंतर कापली. बहुतेक रोगट नाहीतर पोचट होती; ती वेगळी काढून चांगलं असं अडीच शेर बी निघालं. बाकीचं तीन-चार दिवसांच्या भाकरीपुरतं होतं. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि मी जेवलो का ते विचारलं.

बी उन्हात घातलं होतं तेव्हा वहिनी आली. दाणे हातावर घेऊन फुंकर मारली.

"यातलं अर्धं मला द्या."

"तुम्ही तर पुडीचं लावता."

"लावीन कोपऱ्यात. एका घरात ठेवू नका, भावजी. त्यातून तुमच्या."

मी शेर आणला आणि अर्धं मापून दिलं, सव्वा शेर. तिने ते पदरात घेतलं आणि गुरं सोडायची राहिलीत म्हणून निघून गेली.