काळ्याला दात लावला नाही

बुरमाकाननं फेकलेली चप्पल बोक्याला लागलीच नाही, कपाटाला लागली आणि वरचा चहाचा कप खाली येऊन फुटला. काश्का, म्हणजे तो बोका, कपाळावर पांढरा टिळा असलेला, खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला आणि पंजा चाटायला लागला, जसा काही कप दुसऱ्याच कोणीतरी फोडलाय. त्याच्या मिशीला लाल लोकरीचा धागा लटकत होता. तो धागा बघितला आणि बुरमाकाननं दुसरी चप्पलही काढली.

"मार, मार," तिचा नवरा एसेनबेक चहात तळलेला बोरसोक बुडवत म्हणाला. "कपाट अजून शाबूत आहे."

"तुम्ही तर बोलूच नका. तुम्हीच आणलात हा सैतान."

"उंदरांसाठी आणला."

"पाचव्या मजल्यावर कुठलेत उंदीर?"

"नाहीत ना? म्हणजे काम चोख करतोय."

ती आतल्या खोलीत गेली. आत शिरदाक होते. दोन. तिच्या लेकीच्या, चिनाराच्या लग्नाचे. लोकर गरम पाण्यात लाटून लाटून जो जाड नमदा होतो ना, त्याचे हे गालिचे. एक लाल नमदा, एक काळा, दोन्ही एकमेकांवर ठेवायचे आणि एकाच सुरीनं एकदाच कापायचं. मग लाल शिंगांची नक्षी काळ्यात बसवायची आणि काळी शिंगं लालमध्ये. म्हणजे एका कापण्यात दोन गालिचे, अगदी उलटसुलट जुळे. बुरमाकानच्या माहेरी पहिल्यापासून असंच चालत आलेलं, एक लेकीबरोबर जातो, दुसरा आईजवळ राहतो. तिचा स्वतःचा इथे भिंतीवर होता आणि त्याचा जुळा तिकडे गावाला आईच्या पलंगाखाली. आई गेली तरी तो तिथंच होता, कुणी हलवला नव्हता.

आणि या बोक्यानं ते दोन्ही खाल्ले. नुसते ओरबाडले नाहीत, खाल्ले. तोंडात धरून चोखायचा, दाढेनं कुरतडायचा, वर मागच्या पायांनी लाथा मारायचा. दार लावलं तर दाराच्या मुठीला लोंबकळून उघडायचा. तिनं त्याची नखं कापली, तर आठवड्यात परत आली. शिरदाकवर व्हिनेगर शिंपडलं, तर सगळ्या घराला लोणच्याच्या बरणीसारखा वास यायला लागला आणि बोका मजेत. लाल तिखटाचं पाणी लावलं तर शिंका चिनाराला. एसेनबेकनं एका ओंडक्याला दोर गुंडाळून दिला, म्हणाला, बघ आता हा यालाच नखं घासेल. काश्का त्या ओंडक्यावर चढून बसला आणि तिथून बुरमाकानकडे बघत राहिला, बस. आणि बाहेर तरी कसा काढायचा, नारिन शहराच्या थंडीत जिन्यातली बादली गोठून दगड झाली होती. मांजर बाहेर ठेवलं असतं तर सकाळपर्यंत तेही तसंच झालं असतं. एवढी दुष्ट ती नव्हती. पण नुसता विचार करायची, अगदी रोज करायची.

आज तिनं दोन्ही शिरदाक जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. नवरोझ झाला की मुलाकडचे येणार, काय दुरुस्त होतंय ते तरी बघावं. चिनारा दारात येऊन उभी राहिली.

"अपा, तू रडतेयस का?"

"मी कशाला रडू? मी याचं कातडं काढून टोपी शिवणारे."

चिनारा खाली बसली, एका शिरदाकवरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. मग परत पहिल्यावर.

"गंमत बघ ना. इथं शिंगं खाल्लीत, जमीन तशीच आहे. आणि इथं जमीन खाल्लीय आणि शिंगं तशीच."

"मग?"

"मग म्हणजे दोन्हीकडे लालच खाल्लंय. काळ्याला दात लावला नाही त्यानं. एकदासुद्धा."

"लाल रंग आवडतो त्याला," एसेनबेक बाहेरून ओरडला. "सोव्हिएत काळातला आहे बोका."

चिनारा हसली. बुरमाकान नाही हसली. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, आणि तिला सुई आठवली. काळ्या भागातून सुई अशी सहज जायची, लोण्यातून गेल्यासारखी. लाल शिवताना अंगठा सुजायचा आणि काळं आलं की सुटल्यासारखं वाटायचं. तिला वाटलं होतं, चला, या वर्षी हात बरा दिसतोय. मूर्ख. इतकी वर्षं शिवतेयस आणि हात बरा दिसतोय म्हणे.

ती उठली, टोपलीतला काळा तुकडा घेतला, स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि चिमट्यात धरून जाळावर नेला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा तुकडा वितळला. टपकला. खाली घट्ट काळा मणी झाला आणि प्लास्टिकची बादली जळाल्यासारखा वास घरभर सुटला.

एसेनबेकनं खिडकी किलकिली केली आणि बायकोच्या तोंडाकडे बघून परत बसला. त्याला कळलं होतं. काळा नमदा त्याच्या थोरल्या बहिणीनं दिला होता, कालिपानं.

"बुरमा, हे बघ. लग्न होऊ दे आधी."

"का?"

"थोरली आहे ती. तोंड कसं दाखवायचं नंतर?"

"कुणी कुणाला? माझी लेक ते घेऊन सासरी जाणार. धुतला की लाल आटणार, काळं तसंच राहणार, सगळे टाके उसवणार. आणि त्या घरातल्या बायका काय म्हणणार, कालिपानं फसवलं? म्हणणार, आईला शिवता येत नाही."

"अगं तुला शिकवलं कुणी? तिनंच ना?"

हेच तर. हेच तिला सलत होतं. केलिन म्हणून, नवी सून म्हणून ती या घरात आली तेव्हा तिला धड लोकर पिंजताही यायची नाही. कालिपा एजेनं, म्हणजे थोरल्या ताईनं, तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं. नारिनमध्ये नमदा म्हटलं की लोक एजेचं नाव घेतात. तिच्या हातचा माल जाळून बघायचा हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का? सुई सांगत होती, तरी तिनं ऐकलं नाही. बोक्यानं ऐकलं.

तिनं बाजारची मोठी चेकची पिशवी काढली, काश्काला मानेला धरलं आणि आत कोंबून चेन ओढली. पिशवी चालायला लागली.

"त्याला कुठं नेतेयस?" एसेनबेक उठला.

"साक्षीला," ती म्हणाली आणि जिना उतरली.

कालिपा एजे सत्तरीची, पांढरा रुमाल, पाठ ताठ. खोलीत भिंतीला लागून विकायच्या नमद्यांची चळत, आणि ती स्वतः बसलेली आईच्या जुन्या शिरदाकवर, म्हणजे एसेनबेकच्या आणि तिच्या आईनं केलेल्या.

"ये, ये. चहा घे. पिशवीत काय, कोंबडी?"

"बोका."

"बोका कशाला?"

बुरमाकाननं चेन उघडली. काश्का बाहेर आला, केस विस्कटलेले, रागावलेला. अंग झटकलं, चळतीकडे गेला, एक नमदा हुंगला, दुसरा हुंगला, तिसऱ्याला नाक लावलं आणि शिंकला. मग वळून सरळ एजेच्या मांडीशेजारी आला, जुन्या शिरदाकचा कोपरा तोंडात धरला आणि डोळे मिटून चोखायला लागला. मग नखं बाहेर काढून ओढायला लागला. टरटर आवाज यायला लागला.

"अगं धर त्याला. आईचा आहे तो."

"धरते. आधी सांगा."

"काय सांगू?"

"ती चळत कशाची आहे ते सांगा. आणि माझ्या लेकीला काय दिलंत ते."

बोका ओढत होता. एजेनं त्याला ढकलायला हात पुढे केला, आणि बुरमाकानला तो हात दिसला. बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी, सांधे सुजून चकाकलेले. ढकलणं सोडाच, ती बोटं मिटतही नव्हती. एजेनं पटकन हात परत बाहीत घेतला. इतके दिवस ती बाहीत हात घालून बसायची आणि लोकांना वाटायचं, म्हातारीची ऐट आहे.

"दोन हिवाळे झाले," एजे म्हणाली. "लाटता येत नाही. एकजण बिश्केकहून मशीनचा नकली नमदा आणून देतो. लोक येतात, नाव सांगतात, माल मागतात. काय सांगू, संपली कालिपा?"

"लोकांना काय द्यायचं ते द्या. चिनाराला?"

"तुला नाही कसं म्हणू? तू मागायला आलीस आणि माझ्याकडे दुसरं नव्हतंच काही."

"मला सांगायचंत ना. मी आले असते. रोज आले असते. लाटलं असतं, तुमच्या नावानं लाटलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तुम्ही मला परकी समजलात, एजे. त्याचाच राग आलाय मला. त्या बोक्याचासुद्धा इतका नाही आला."

बोका तेवढा टरटर करत होता. शेवटी बुरमाकाननंच त्याला उचलला, नखांत अडकलेला सासूच्या शिरदाकचा धागा हळूच सोडवला आणि कोपऱ्याला हात लावून बघितलं. फार नव्हतं फाटलं. रफू झालं असतं.

"काळी लोकर आहे का घरात? न पिंजलेली, मेंढीची, खरी?"

"पलंगाखाली पोतं आहे. तशीच पडलीय. मला काय उपयोग."

बुरमाकाननं गुडघे टेकून पोतं ओढून काढलं, मूठभर लोकर काढून हुंगली, तेलकट, शेणाचा वास येणारी. काश्का तिच्या कडेवरून त्या मुठीकडे असा झेपावला की तिचं मनगट ओरखडलं.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "लाल माझ्याकडे अजून आहे. काळं इथंच करायचं. लाटायची चटई काढून ठेवा, पाणी तापवून ठेवा. मी लाटणार, तुम्ही पाणी ओतायचं आणि चुकलं की सांगायचं. बाकी काही बोलायचं नाही माझ्याशी. लग्न होईपर्यंत तरी नाही."

"चहा तरी घे."

"नाही घेणार."

लोकर चेकच्या पिशवीत गेली, त्यामुळे बोक्याला जागा उरली नाही. तो कोटाच्या आत बसला, डोकं बाहेर काढून. रस्ताभर ती त्याला शिव्या देत होती, हरामखोर, सैतानाची अवलाद, घरी चल तुला दाखवते, आणि तो तिची लोकरीची शाल तोंडात धरून चोखत होता. शालीला भोक पडलं. तिला ते कळलं, दात लागले तेव्हाच कळलं, पण बाहेर वारं फारच बोचत होतं, म्हणून तिनं कोटाचं वरचं बटण लावलं आणि शिव्या देत तशीच चालत राहिली.