अक्काचे प्रश्न

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. मंगरूळपीरच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता. आई गेल्यावर माझ्या मोठ्या बहिणीची, अक्काची, शाळा सुटली. ती बाबांबरोबर मळ्यात राबायची आणि मी शाळेत जायची.

एकदा गुरुजींनी घनता शिकवली. मी व्याख्या पाठ केली, उमजलं मात्र काही नाही. वांगी धुता धुता अक्कानं विचारलं, "म्हंजे काय वं?" मला सांगता येईना. तिनं एक रिकामी डबी आणली. ती आधी वाळूनं काठोकाठ भरून भाजीच्या तराजूत तोलली, मग खिळ्यांनी, मग पाण्यानं, शेवटी तेलानं. खिळे सगळ्यात जड भरले, तेल सगळ्यात हलकं.

"डबी तीच, जागा तेवढीच," ती म्हणाली, "पण आत कोण किती दाटून बसलं, त्याचा फरक हाय!"

"हेच! हेच!" मी ओरडले.

मग तिचे प्रश्न थांबेनात. गारा पाण्यात काहून बुडत नाई? लोखंड कशावरच तरंगत नाई का? मी ते सगळे गुरुजींकडे न्यायची. शेवटी ते हसून म्हणाले, "तिलाच घेऊन ये."

गुरुजींनी बशीत पारा ओतला आणि त्यावर खिळा ठेवला. खिळा वरच राहिला. अक्कानं तोंडावर हात धरला. "गुरुजी, अजून एकडाव ठेवा ना!" त्यांनी ठेवला. घरी येईपर्यंत ती बोलतच होती.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासर केनवडचं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती बाळंतपणात अडली. नाल्याला पूर होता, तिला दवाखान्यात नेणारी गाडी पलीकडे जाईना. आम्ही पोचलो तेव्हा सारं आटोपलं होतं. बाळही गेलं होतं.

तिची सासू रडत बाबांना म्हणाली, "लई गरीब पोर होती, इवाईबुवा. सांगतलं तेवढं करे. वर्सभरात एक गोष्ट इचारली नाई तिनं."

परतताना बाबांनी बैल जुंपले, कासरा हातात घेतला, पण गाडी हाकली नाही.

"आपल्या घरी तं तिचं तोंड मिटत नव्हतं," ते म्हणाले. "इथं तिले काय झालं असन वं?"